हालचाल शून्य

मी चौतीस वर्षे पुरुषांचे वीर्य तपासले. हे वाक्य दिवाळी अंकात छापायचे की नाही ते संपादकांनी ठरवावे. मला याहून सभ्य वाक्य सुचत नाही, कारण काम तेच होते. रक्त, लघवी आणि थुंकीही तपासली. परंतु त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. रक्त द्यायला माणूस बाही वर सारून येतो. या तपासणीला येणारा माणूस आधी समोरच्या टपरीवर चहा घेतो, मग आमच्या दारावरून दोनदा पुढे जातो, आणि आत आल्यावर पहिली चौकशी साखरेच्या तपासणीची करतो. जवाहरनगरच्या क्वार्टरमधून येणारे एक गृहस्थ तर साखर, थायरॉइड आणि कावीळ या तिन्हींची चौकशी करून परत गेले. चौथ्या खेपेला त्यांनी खरे काम सांगितले आणि अहवालावर गोल शिक्का मिळेल ना, असे विचारले.

भंडाऱ्यात मला 'आफ्रिकावाले काकाजी' म्हणतात. उमेदीच्या वयात मी तीन वर्षे टांझानियाच्या उत्तर भागातील एका इस्पितळात प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ होतो. परत आलो तेव्हा सर्वांनी सिंहाविषयी विचारले. मी सिंह पाहिला नव्हता. तीन वर्षे मी सूक्ष्मदर्शकात पाहत होतो. या गोष्टीची निराशा आमच्या गल्लीने अजून पुरती गिळलेली नाही.

आमचे घर कोष्ट्यांचे. ताण्यातला तुटलेला धागा वडिलांना नुसत्या बोटाने कळत असे. माझ्या हाती माग आला नाही, मोजण्याची खोड मात्र आली. ती या कामात उपयोगी पडली.

काम समजायला अवघड नाही. नमुना आला की तो पातळ होईपर्यंत अर्धा तास थांबायचे. मग एक थेंब काचेवर घ्यायचा. काचेवर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. एकेका चौकटीत किती शुक्राणू आहेत ते मोजायचे. नंतर त्यांची चाल पाहायची. काही सरळ पुढे जातात. काही एकाच जागी गोल फिरतात. काही नुसती शेपटी हलवतात आणि जागा सोडत नाहीत. काही स्वस्थ पडून असतात. स्वस्थ पडलेला प्रत्येक जण मेलेला असतो असे नाही. ते ठरवण्यासाठी रंग घालतात. मेलेल्यात रंग शिरतो, जिवंत त्याला आत येऊ देत नाही. आता हे सारे मोजणारी यंत्रे आली आहेत. निवृत्तीनंतरही मी एका खासगी प्रयोगशाळेत सकाळचे चार तास बसतो आणि यंत्राचा आकडा डोळ्यांनी पडताळतो. यंत्राला राग येत नाही आणि मला येतो, एवढाच फरक आमचे मालक लोकांना सांगतात.

तपासणीपूर्वी तीन-चार दिवस नवराबायकोला दूर राहावे लागते. पूर्वी मी 'तीन दिवस परहेज पाळा' असे सांगत असे. लाखनीकडचा एक शेतकरी चौथ्या दिवशी आला तो चेहरा उतरवून.

"पाळलं का परहेज?" मी विचारले.

"पूर्न पाळलं जी. वांगं नाही, चिंच नाही, लोनचं नाही, बेसन नाही. नुसता भात अन् दूध. अशानं मानूस मरते, काकाजी."

"अन् घरच्या बाईपासून?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. "थिच्यापासून काहून परहेज? थेच तं पथ्याचं रांधत होती."

त्या दिवसापासून तो शब्द मी टाकला. 'तीन दिवस वेगळ्या खाटेवर झोपा' असे सरळ सांगू लागलो. आपली सूचना आता कोणालाही चुकीची कळणे शक्य नाही, असा मला अभिमान होता. हा लेख त्या अभिमानाविषयी आहे.

गेल्या हिवाळ्यात एक तिशीचा तरुण माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. जाड जीन्स, पायांत बूट, अंगाला धुराचा वास. भुवयांचे केस पुढून करपलेले होते. त्याने पिशवीतून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले. पाकिटावर सैल लाल वस्त्र पांघरलेला, हातात भाला घेतलेला एक उंच पुरुष झाडाखाली उभा होता. खाली हिंदीत लिहिले होते : 'अफ्रीकी योद्धाओं की ताकत का राज़'. आत तपकिरी भुकटी होती.

"काकाजी, तुमी तिकडे होते म्हनतेत. हे असली आहे का नकली, तेवढं सांगा."

"कोनासाठी?"

"मित्रासाठी."

"मित्राच्या लग्नाले किती वर्सं झाले?"

"सहा."

"काय करते मित्र?"

"राइस मिलमंदी भट्टीवर आहे. धान उकडून उसना तांदूळ बनते न, थ्या मिलमंदी."

"अन् तुमी?"

त्याने पाकीट उगीच सरळ केले. "मी पन त्याच मिलमंदी आहो."

त्याचे नाव मनोहर. गाव सिहोऱ्याजवळचे. मित्राची हकीकत त्याने खाली पाहून सांगितली. सहा वर्षांत मूल नाही. मित्राच्या बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, एकदा नव्हे, तीनदा. तिच्यात काही दोष निघाला नाही. तरी मित्राच्या आईने दुसरी मुलगी पाहून ठेवली होती. बायको पवनीची. तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितले होते की एकदा तुमची तपासणी करून घ्या, नाहीतर मी माहेरी जाते आणि परत येत नाही. मित्राला बायको जायला नको होती. तपासणीही नको होती. म्हणून त्याने मोबाइलवरून हे पाकीट मागवले होते.

मी त्याला जे सांगितले ते थोडे विस्ताराने लिहितो, कारण असे पाकीट वाचकांपैकी कोणाच्या कपाटातही असेल.

आफ्रिका हे गाव नाही. तिच्यातल्या एका देशातल्या एका जिल्ह्यातले एक इस्पितळ मी पाहिले. त्या भागात गुरे राखणारे लोक होते. पुरुष दोन सैल वस्त्रे अंगाभोवती घेत, दिवसभर गुरांमागे चालत, दूध पीत, आणि उभे राहायचे तर वारा लागेल अशा जागी उभे राहत. त्यांचे थेंब मी काचेवर पाहिले, भंडाऱ्याचेही पाहिले. काचेवर माणसाचा देश कळत नाही. धंदा कधीकधी कळतो. त्याच गुराख्यांचे भाऊ शहरात जाऊन मालट्रक चालवत आणि इंजिनाच्या उष्णतेवर दिवसचे दिवस बसत. त्यांच्यापैकी अनेकांचे नमुने आपल्याकडच्या ड्रायव्हरांसारखेच विरळ निघत. रक्त तेच, आई तीच, फक्त बसण्याची जागा बदललेली.

आणि गुराख्यांत सगळेच लेकुरवाळे होते असेही नाही. तरुणपणीचा गुप्त आजार अंगावर काढला की आतल्या नळ्या बंद होत. हातातल्या भाल्याने त्या उघडत नसत. मूल झाले नाही की तिथेही आधी बाईला दवाखान्यात आणत. पुरुष आला तर सर्वांत शेवटी आणि चिडलेला. ही रीत आपण तिकडून आणली की त्यांनी आपल्याकडून नेली, मला सांगता येत नाही.

भुकटीविषयी एवढेच की तीन वर्षांत ती मी कोणाच्याही हातात पाहिली नाही.

निसर्गाने पुरुषाचा हा कारखाना शरीराबाहेर टांगला आहे, तो थोडा थंड राहावा म्हणून. बारा तास भट्टीपुढे स्टुलावर, घट्ट जीन्समध्ये बसणारा माणूस तो शेकत ठेवतो. मी पाकिटावरच्या माणसाकडे बोट दाखवले.

"याचे कपडे पाहा. उभा कुठं आहे, थे पाहा. औषध या चित्रात आहे. पाकिटात नाही."

मनोहर चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मित्राले लुंगी नेसाले सांगू?"

"मित्राले आधी तपासनी कराले सांगा."

आमच्याकडे यासाठी एक खोली आहे. त्या वेळी तिची आतली कडी नीट लागत नव्हती. मनोहरने ती दोनदा लावून पाहिली आणि बाहेर आला. मित्र घरूनच बाटली आणेल, म्हणाला. मोटरसायकलने सिहोरा ते भंडारा जेमतेम तासात होते. मी परवानगी दिली, वेगळ्या खाटेविषयी सांगितले आणि निर्जंतुक बाटली दिली.

"आनू कशी?" त्याने विचारले.

"सांभाळून. जिवंत वस्तू आहे," मी म्हणालो. आणि पुढच्या माणसाला बोलावले.

चार दिवसांनी त्याने बाटली आणली. काउंटरवरच्या बाईंनी ती नेहमीप्रमाणे उबेच्या तबकडीवर ठेवली. अर्ध्या तासाने मी थेंब काचेवर घेतला. शुक्राणू होते. संख्या थोडी कमी, आकार बरा. एकही हलत नव्हता. मी दुसरा थेंब घेतला. तोही तसाच. रंग घातला. सगळे लाल.

या धंद्यातला कोणीही जाणता माणूस इथे थांबला असता. संख्या आहे, आकार आहे, आणि एकूण एक मेलेले, असे क्वचितच घडते. असे दिसले की आधी बाटलीचा प्रवास विचारायचा असतो. मी चौतीस वर्षांचा जाणता होतो. त्या दिवशी अकरा नमुने होते आणि यंत्र बिघडले होते. मी अहवालात लिहिले : हालचाल शून्य. जिवंत शून्य. आणि सही केली.

"म्हंजे काय, काकाजी?"

"एकही जिवंत नाही."

"मित्राले काय सांगू?"

"डॉक्टरले भेटाले सांगा."

त्याने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि मला नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की मला आजही माझ्या खुर्चीत नीट बसता येत नाही.

दहा-बारा दिवसांनी, शनिवारी, आशाताईंची साडी नेसलेली एक बाई सरळ माझ्या टेबलाशी आली. मनोहरची ती थोरली वहिनी, नाव रेखा. गावात आशा म्हणून काम करते. तिने बसायला नकार दिला.

"तुमीच का थे आफ्रिकावाले?"

"हो."

"आमच्या मनोहरचा रिपोर्ट तुमीच देल्ला?"

मित्र संपला होता. मी होकार दिला. तिने उभ्यानेच सांगितले. मनोहर घरात कोणाशी बोलत नाही. जेवतो आणि मिलवर जातो. आईला त्याने एका वाक्यात गप्प केले की माझ्यासाठी दुसरी मुलगी पाहू नको, खोट माझ्यात आहे. आणि बायकोला, वैशालीला, आपणहोऊन सांगितले की तू पवनीला जा, दुसरे लग्न कर, माझ्यापायी तुझ्या जन्माचे वाटोळे नको. वैशालीने बॅग भरली होती. सोमवारी निघणार होती.

"आता मले एक सांगा, साहेब," रेखाताई म्हणाल्या. "थे बाटली म्या सोता बांधून देल्ली होती. मनोहर म्हने, जिवंत वस्तू आहे, सांभाळून न्या लागते. म्या म्हनलं, बाप्पा, हे तं माहं रोजचं काम आहे. पोलिओच्या निळ्या डब्ब्यात चारही बाजूनं बरफ लावला, मंदी बाटली ठेवली, झाकन घट्ट लावलं. तुमच्या दारापासी येऊन त्यानं डब्बा उघडला तं बरफ तसाच होता. मंग थे मेले कसे?"

मी रजिस्टर काढून त्या तारखेचे पान उघडले.

शुक्राणूला थंडी सोसत नाही. त्याला शरीराहून किंचित कमी ऊब लागते. बर्फात तो मरतो. हे मला माहीत होते, पण मी ते तोंडाने सांगितलेच नव्हते. ज्या घरात लशीचा डबा आहे त्या घरात जिवंत वस्तू बर्फातूनच जाणार. रेखाताईंनी आपले काम माझ्यापेक्षा चोख केले होते.

टांझानियात माझा एक मदतनीस होता. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, गुराख्यांच्या घरातला. त्याला सगळे 'मझे' म्हणत. आपण वडीलधाऱ्या माणसाला बाबूजी म्हणतो तसे. दूरच्या वस्तीवरचा माणूस आला की मझे त्याला तोंडी काही सांगत नसे. रिकामी बाटली स्वतःच्या काखेत ठेवी, वरून वस्त्र ओढून घेई, हात छातीशी आवळी आणि खोलीतून दोन फेऱ्या घाली. समोरचा गुराखी हसे. कुरणात शेळी व्यायली की नवे करडू तो असेच अंगाशी धरून घरी आणत असे. त्याला आणखी काही समजावण्याची गरज नव्हती. त्या लोकांकडून थंड झालेला नमुना आल्याचे मला आठवत नाही. मझेची ती फेरी मी तीन वर्षे पाहिली. परत आल्यावर माझ्याकडे मराठी होती, म्हणून मी फेरी घातली नाही.

रविवारी मी तुमसरच्या बसमध्ये बसलो. तिथून पुढे ऑटोने. माझ्या नोकरीत मी कधी कोणाच्या घरी गेलो नव्हतो. अहवाल घेऊन नाही आणि पेढे खायलाही नाही.

मनोहरची आई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. मी कोण ते सांगताच तिने सूप खाली ठेवले.

"आता अजून काय राहिलं सांगाचं?"

"चूक झाली, बाई. रिपोर्ट खोटा आहे."

"मशीनची चूक?"

"मानसाची. माही."

मनोहर आतून आला. त्याच्या मागे दारात एक सडपातळ बाई उभी राहिली, तीच वैशाली. रेखाताई चुलीपाशी होत्या. मी सगळ्यांसमोर सांगितले की बाटली बर्फात आली म्हणून जीव मेले, बर्फ लावू नका हे मी सांगितले नाही, आणि तसे दिसूनही मी विचारले नाही. वहिनींचा यात काही दोष नाही. मनोहरमध्ये दोष आहे की नाही ते मला आजही माहीत नाही. उद्या पुन्हा पाहावे लागेल.

"माह्या पोरात काही खोट नाही," आई म्हणाली.

"थे उद्या समजन. आज फक्त एवढं समजलं का खोट माह्या कामात होती."

बोलली ती वैशाली.

"काकाजी, तुमी इतक्या दुरून आले, आपली चूक सांगितली. चांगलं केलं." मग तिने नवऱ्याकडे पाहिले. "ह्याईनं एक कागद पाहून मले घरातून जा म्हनलं. मले विचारलं का, तुले काय पाह्यजे? सहा वर्सं सासूचं आयकलं म्या. माहे तीन डाव टेस्ट झाले. म्या कधी म्हनलं का खोट निघाली तं मी जातो म्हनून? तपासनी करा नाही तं जातो, एवढंच म्हनलं. थ्या चुकीचा रिपोर्ट कोन देईन?"

मनोहर बोटांनी करपलेल्या भुवया चोळत राहिला.

"म्या तुह्याच भल्यासाठी..." तो म्हणाला.

"माहं भलं तुमी कोन्या काचेतून पाह्यलं?"

आई उठली. "बस झालं. मानूस बाहेरगावहून आला आहे, उपाशी उभा आहे." आणि मला म्हणाली, "भात खाऊन जा." आवाजात आमंत्रण नव्हते, हुकूम होता. मी बसलो. भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी होती. वाढले वैशालीने. मला दोनदा भात वाढला. मनोहरला त्याने मागेपर्यंत वाढला नाही.

निघताना मी मनोहरला अंगणात बोलावले, खिशातून नवी बाटली काढली, काखेत धरली, वरून कोट ओढला, हात छातीशी आवळला आणि अंगणातून दोन फेऱ्या घातल्या. माझे वय सत्तरीच्या पुढे आहे. शेजारच्या कुंपणावरून एक बाई पाहत होती. तिने विचारले, "काय झालं जी, हात मोडला का?" रेखाताईंनी तोंडाला पदर लावला. मनोहर पहिल्यांदा हसला.

"करडू आनतो तसं," तो म्हणाला.

"तसंच."

वेगळ्या खाटांविषयी काही सांगावे लागले नाही. त्या पंधरा दिवसांपासून वेगळ्याच होत्या.

सोमवारी ते दोघे पहिल्या बसने भंडाऱ्याला आले. वैशालीची मावशी खांब तलावाजवळ राहते. तिथून आमची प्रयोगशाळा चालत दहा मिनिटांवर. साडेनऊला मनोहर आत आला तो डावा हात अंगाशी घट्ट धरून. नमस्कार त्याने एकाच हाताने केला. मागे वैशाली होती आणि तिच्या हातात बॅग होती.

"पाहून घेतो अन् मंग जातो," ती मला म्हणाली. "बॅग भरली आहे तं भरलीच आहे."

अर्धा तास दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले. मधल्या जागेत बॅग होती.

मी थेंब काचेवर घेतला. डोळा लावण्यापूर्वी क्षणभर थांबलो, हे कबूल करतो. माझ्या कामात मी कधी कोणत्या थेंबाकडून काही इच्छिले नव्हते. तंत्रज्ञाने इच्छू नये. इच्छेने मोजणी चुकते. त्या दिवशी मी इच्छिले आणि म्हणून तीनदा मोजले.

संख्या कमीच होती. निम्म्याहून अधिक स्वस्थ पडून होते. उरलेल्यांतले काही गोल फिरत होते. पण काही चालले होते. सरळ, एका रेषेत, काचेच्या कडेकडे.

रुग्णाला सूक्ष्मदर्शकात पाहू देऊ नये असा माझा नियम आहे. मी खुर्चीतून उठलो आणि मनोहरला बसवले. त्याला आधी काहीच दिसेना. मग त्याची पाठ ताठ झाली.

"हालून राहिले, काकाजी."

"हो."

"जिवंत आहेत?"

"जिवंत आहेत. जेवढे पाह्यजे तेवढे नाही. पन शून्य नाही. डॉक्टरले दाखवा लागन. अन् भट्टीपासून तीन महिने दूर. नवीन तयार व्हाले तेवढा वेळ लागते. घट्ट कपडे बंद. मिलवाल्याले सांगा का दुसरं काम द्या."

तो खुर्ची सोडेना. वैशाली बॅग तशीच बाकावर ठेवून टेबलाशी आली.

"सरका," ती त्याला म्हणाली. "मले पाहू द्या."

तिने डोळा लावला. बराच वेळ ती हलली नाही. मला वाटले रडते आहे. मग तिचे खांदे हलू लागले आणि कळले की हसते आहे.

"अजी, हे पाहा, एक तं जागच्या जागीच फिरून राहिला. अन् हा दुसरा, थ्याले धक्का देऊन चालला. अन् लय जन नुसतेच बसून आहेत, काही बोलतच नाहीत." तिने डोळा न काढता म्हटले, "घरच्यासारखेच आहेत सगळे."

मनोहरचे कान लाल झाले. काउंटरवरच्या बाई उगीच रजिस्टर चाळू लागल्या. मी खिडकीबाहेर पाहिले.

वैशाली उठली. पदर नीट केला, बाकावरची बॅग उचलली. हसू चेहऱ्यावरून गेले होते.

"काकाजी, पवनीची गाडी साडेअकराची आहे ना?"

"आहे."

मनोहर पुढे झाला आणि त्याने बॅगेच्या पट्ट्याला हात घातला.

"दे."

"कायले?"

"काकाजीनं भट्टीपासून दूर राहाले सांगितलं."

"मंग मिलवाल्याले सांगा न."

"थ्याले कालच सांगितलं. आठ दिवस येत नाही म्हनलं." बॅग त्याने सोडली नव्हती. "पवनी भट्टीपासून लय दूर आहे."

"माह्या बापाच्या घरी आठ दिवस? तिथं धानाचं चुरनं-मळनं चालू आहे. बसून खायले नाही भेटत."

"करीन."

"अन् हा जीन्स?"

"तुह्या बापाचं धोतर मागीन."

तिने त्याच्याकडे पाहिले. चौकटीत काय आहे ते नीट पाहावे तसे, घाई न करता पाहिले. "थे तुमाले नेसता येत नाही," ती म्हणाली.

"तू सांग."

तिने पट्टा सोडला. ती पुढे निघाली, तो बॅग घेऊन मागे. पायरी उतरताना तिने वळून मला नमस्कार केला. त्याने या वेळी दोन्ही हातांनी करण्याचा प्रयत्न केला आणि बॅग खाली पडली. ती काहीतरी बोलली, तो काहीतरी बोलला, आणि रस्ता ओलांडून दोघे बसस्टँडकडे गेले.

अहवाल मी पूर्ण केला होता. हालचालीपुढचा आकडा लिहिला, सही केली, गोल शिक्काही मारला. तो टेबलावरच राहिला होता. मी त्यांना हाक मारली नाही.